पावणेचार मिनिटं

आमच्या वस्तीतल्या संडासाची वही माझ्याकडं असते. विक्रोळी-घाटकोपरच्या डोंगरावर आम्ही राहतो. इथला दुमजली संडास बायकांच्या मंडळाकडं चालवायला आहे. वही लिहायची वेळ आली तेव्हा मंडळात बारावी झालेली मी एकटीच होते, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. अजून उतरलेली नाही. माझी नणंद डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहते. ती पाहुण्यांना सांगते, वहिनी सोशल वर्क करतात. मी सांगते, संडासाचा हिशोब बघते. पाहुणे चहाचा कप खाली ठेवतात.

आधी एक गणित करू. आमच्याकडं वीस सीट आहेत, खाली बायकांच्या दहा, वर पुरुषांच्या दहा. ज्या योजनेत हा संडास बांधला तिचा हिशोब पन्नास माणसांमागं एक सीट असा होता. म्हणजे हजार माणसं, त्यात पाचशे बायका-मुली. पहाटे पाच ते सकाळी नऊ हीच खरी वेळ, पुढं ज्याला त्याला कामाला नाहीतर शाळेला पळायचं असतं. चार तासांची २४० मिनिटं. दहातल्या दोन सीट कायम बंद धरायच्या, एकीचं भांडं चोकअप, एकीची कडी गेलेली. राहिल्या आठ. आठ गुणिले २४० म्हणजे १,९२० मिनिटं, भागिले पाचशे. एकीच्या वाट्याला पावणेचार मिनिटं आणि वर काही सेकंद.

तेवढ्यात दार लावायचं, बादली कोरड्या जागी ठेवायची, साडी सावरायची, बसायचं, धुवायचं, पाणी ओतायचं, बाहेर पडायचं. कडेवर पोर असेल तर त्याचंही उरकायचं. पाळी असेल तर ते आणखी. पुरुषांनाही सीट दहाच, पण त्यांची मुतारी वेगळी आहे आणि ती या दहांत धरलेली नाही. बायकांना लघवीलासुद्धा त्याच लाईनीत उभं राहावं लागतं. स्वच्छ भारत अभियान २०१४ ला आलं. त्याच्या नियमात वस्तीच्या सामुदायिक संडासाला पुरुषांसाठी पस्तीस जणांमागं एक सीट आणि बायकांसाठी पंचवीस जणींमागं एक, असं आहे. त्या हिशोबानं आमच्या पाचशे जणींना वीस सीट हव्यात. नियम वाचून बरं वाटलं. कुणीतरी टेबलावर बसून का होईना, साडीचा विचार केला. आमच्या दहाच्या काही वीस झाल्या नाहीत.

मी १९९६ ला लग्न होऊन इथं आले तेव्हा वस्तीच्या कडेला जुना संडास होता, ओळीत आठ खोल्या. नळ नाही, दिवा नाही, तीन खोल्यांना दारं नाहीत. डबा घरून भरून न्यायचा. डोंगरावर पाणी खालून हंड्यानं आणावं लागायचं, त्यामुळं डब्यात किती पाणी न्यायचं यावर सासूबाईंची नजर असायची. अंधार पडल्यावर दोघी-तिघींनी मिळून जायचं, एक आत, बाकीच्या दारात. त्या संडासाचा मालक कुणीच नव्हता. बांधला कुणाच्या तरी निधीतून, साफ करायचा कुणी, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तुंबला की लोक शेजारच्या खोलीत जायचे, ती तुंबली की तिच्या शेजारच्या, आणि आठही तुंबल्या की नाल्यावर.

मग वस्ती स्वच्छतेची योजना आली. मुंबईच्या मलनिःसारणासाठी १९९५ ला जागतिक बँकेचं कर्ज मिळालं होतं, त्यातला एक छोटा तुकडा झोपडपट्टीच्या संडासांसाठी होता. त्यातून शहरात सुमारे ३३० ब्लॉक उभे राहिले, पाच हजारांहून जास्त सीट. अट अशी की वस्तीनं आधी स्वतःचे पैसे घालायचे, मोठ्या माणसामागं १०० रुपये, एका कुटुंबाला जास्तीत जास्त ५००. मंडळ रजिस्टर करायचं, बँकेत खातं काढायचं, संडास बांधून मिळाला की आपणच चालवायचा. वर्गणी मागायला गेलं की लोक हसायचे. देवळाला मागा, गणपतीला मागा, हगायला कसली वर्गणी? ज्यांनी सगळ्यात जास्त टर उडवली त्यांच्याच घरच्या बायकांनी गुपचूप पैसे आणून दिले. पाच-पाच, दहा-दहाच्या नोटा होत्या, हळदीच्या वासाच्या.

पुण्यात हेच काम त्या वेळी मोठ्या प्रमाणात झालं, रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त असताना. मानखुर्दच्या जनता कॉलनीतून पुढं आलेले झोपडपट्टीवाल्यांचे नेते जोकिन अर्पुथम आणि महिला मिलन या गरीब बायकांच्या संघटनेच्या बायका यात होत्या. जून २००१ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत झोपडपट्टीतल्या लोकांनी घराचं आणि संडासाचं मॉडेल उभं केलं होतं, कोफी अन्नान स्वतः बघायला आले होते. मी हे पोरांना सांगितलं तर धाकटा म्हणाला, त्यांना लाईन लागली का?

आता पासाकडं येते. माझ्या आयुष्यातली अर्धी भांडणं या पासावरून झाली आहेत.

पास कुटुंबाचा असतो, महिन्याला शंभर रुपये. बाहेरच्या माणसाला, रिक्षावाल्याला, दुकानातल्या पोराला एका वेळचे तीन रुपये. सोपं वाटतं ना? मग सांगा, कुटुंब म्हणजे कोण? पहिल्या मिटिंगमध्ये एका आजीनं गावाकडचा नियम सांगितला, एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. सगळ्यांनी माना डोलावल्या. महिन्याभरात कळलं की डोंगरावरची अर्धी घरं एका चुलीवर जेवतात. दोन लग्न झालेले मुलगे, त्यांच्या सुना, नातवंडं, माळ्यावर दीर. बारा माणसं, एक पास. विचारलं तर गॅसचं कार्ड दाखवायचे, एकच कनेक्शन आहे बघा. आणि त्याच घरात सुना दोन वेगळ्या पातेल्यांत भात लावतात हे सगळ्या गल्लीला माहीत.

भाडोत्र्यांचं आणखी वेगळं. वरच्या गल्लीत एका खोलीत जरीकाम करणारी सहा-सात पोरं राहतात. जेवण एकत्र, चूल एकच. नियमानं कुटुंब झालं! बायकांनी आरडाओरडा केला, ही कसली फॅमिली, सात धटिंगण. शेवटी त्यांच्या शेठकडून दोन पास घ्यायचे ठरलं. ती पोरं बिचारी कधी वाद घालत नाहीत, रात्री अकराला जातात, लाईनीत नसतात. सगळ्यात साफ सीट तेच ठेवतात असं केअरटेकर सांगतो. मी हे मिटिंगमध्ये मोठ्यानं सांगितलं, ते काही जणींना आवडलं नाही.

एकदा एकटा राहणारा म्हातारा आला. म्हणाला, बाई, नऊ माणसांचं घर पण शंभर भरतं आणि मी एकटा पण शंभर भरतो, हे कुठलं? खरं होतं. त्याला पन्नास केले. पुढच्या आठवड्यात वस्तीत अकरा एकटी माणसं निघाली. त्यातल्या एका एकट्या माणसाची बायको माझ्याकडं बचत गटाचा हप्ता भरते.

बाळंतिणीला मात्र तीन महिने पैसे लागत नाहीत आणि लाईनही लागत नाही, यावर कधी कुणी तोंड उघडलं नाही. मे महिन्यात गावाहून येणारे पाहुणे पासात चालतात, पण आठ दिवस. गणपतीला कोकणातली घरं पंधरा दिवस बंद असतात, ते लोक दरवर्षी अर्ध्या महिन्याची सूट मागतात आणि दरवर्षी मी नाही म्हणते. तेव्हा पण दिव्याचं बिल येतंच.

तर महिन्याचं सांगते. दोनशे कुटुंबांनी पास काढावा असा योजनेचा हिशोब होता. प्रत्यक्षात एकशे चाळीसच्या आसपास भरतात, म्हणजे चौदा हजार. सुट्टे रोजचे दीडशे धरले तर साडेचार हजार. झाले साडेअठरा. केअरटेकरला नऊ हजार आणि वरची खोली. तो दरभंग्याचा आहे, बायको आणि दोन मुलींसकट संडासाच्या डोक्यावर राहतो. मुली आमच्या पालिकेच्या शाळेत जातात आणि मराठी निबंधात माझ्या मुलांपेक्षा जास्त मार्क आणतात. शाळेत पत्ता विचारला की मंडळाच्या ऑफिसवर, असं सांगतात. खोटं नाही ते, ऑफिसही वरच आहे. मग दिव्याचं बिल, पाण्याचं बिल, फिनेल, ॲसिड, खराटे, ब्रश. महिन्याकाठी अडीच-तीन हजार उरले तर महिना चांगला गेला म्हणायचा. मोटरचं वाइंडिंग जळलं की चार हजार गेले. दार कुजलं की गेले. लोखंडी दार लावलं की ते चोरीला जातं, प्लास्टिकचं लावलं की पोरं लाथा मारून फोडतात.

यात मला सगळ्यात जास्त राग बिलांचा येतो. वीज आणि पाणी आम्हाला बरीच वर्षं व्यापारी दरानं लागत होतं. संडासात धंदा आहे म्हणे, पैसे घेता ना. किती अर्ज केले ते सोडा. एका साहेबांनी मला समजावलं की तुम्ही ग्राहकांकडून शुल्क आकारता म्हणजे तो व्यवसाय झाला. मी म्हटलं साहेब, या ग्राहकांना दुसरीकडं जायची सोय असती तर मी पण व्यवसाय म्हटलं असतं. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं. पाणी माणशी पाच लिटर धरलं, म्हणजे हात राखूनच धरलं, तरी रोजचं पाच हजार लिटर झालं. डोंगरावर प्रेशर चढत नाही, खालच्या टाकीतून मोटरनं चढवायचं. म्हणजे पाण्याचं बिल वाढलं की विजेचंही वाढतं.

संडासाच्या पोटात काय आहे याचा विचार कुणी करत नाही. डोंगरावर गटाराची मोठी लाईन नाही, खाली सेफ्टी टाकी आहे. मैला तिथं कुजतो, गाळ तळाला बसतो, वरचं पाणी पुढं जातं आणि गॅस तयार होतो. तो बाहेर सोडणारा व्हेंट पाइप मोकळा हवा. आमच्याकडं एकदा कुणीतरी त्या पाइपाच्या तोंडावर वास येतो म्हणून गोणपाट बांधलं होतं. मी ते दिसताक्षणी काढायला लावलं. टाकीची भीती उगाच नाही, फेब्रुवारी २०१७ मध्ये मानखुर्दला संडासाची जमीन खचून माणसं खालच्या टाकीत पडली होती आणि तिघं मेले होते. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भांडुपला तसंच, दोघं गेले. सकाळी डबा घेऊन गेलेली माणसं. तेव्हापासून लादीला भेग दिसली की मी ती सीट बंद करते. मग पावणेचारची साडेतीन मिनिटंही उरत नाहीत आणि बायका मला शिव्या देतात. देऊ देत.

टाकी उपसणं हे सगळ्यात अवघड. सक्शनची गाडी गल्लीत चढत नाही, पाइपाला पाइप जोडून खालच्या रस्त्यापर्यंत न्यावा लागतो. त्यापेक्षा स्वस्तात करून देतो म्हणणारे येतात, दोन पोरं आणि एक दोरी. २०१३ च्या कायद्यानं माणसाला असं टाकीत उतरवायला बंदी आहे. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई तीस लाख केली, आधी दहा लाख होती. मंडळात एकदा एक जण म्हणाला, मशीनचे एवढे पैसे कशाला, ती पोरं सवयीची असतात. ती पोरं कुठल्या जातीची असतात हे त्यालाही माहीत होतं, मलाही. वहीत त्या दिवशी मी ठराव म्हणून लिहून टाकलं की माणूस टाकीत उतरणार नाही, आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्याचीही.

अपंगांसाठी आमच्याकडं एक सीट आहे. पकडायला दांडा आहे, दाराशी सुंदर उतार केलाय. तिथवर यायला बेचाळीस पायऱ्या चढाव्या लागतात. लहान मुलांसाठी छोट्या उघड्या सीट होत्या, बुटक्या भिंतीच्या. योजनेतली मला आवडलेली ही एकच गोष्ट. पोरं एकमेकांशी गप्पा मारत बसायची, लाईनीत मोठ्यांच्या पायात येत नसत. आता तिथं पाण्याचे ड्रम आहेत. पाणी एक दिवसाआड यायला लागलं तेव्हा ते ठेवले, मग हललेच नाहीत.

रात्रीचं सांगायचं राहिलं. अकराला दार बंद करायचो, कारण रात्रभर उघडं ठेवायचं तर दुसरा माणूस हवा, त्याचा पगार कुठून आणायचा? मग दोन सुनांनी सांगितलं की त्या संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाहीत. त्यातली एक पोटुशी होती. दवाखान्यात तिला लघवीच्या जळजळीची औषधं आणि भरपूर पाणी प्या असा सल्ला मिळाला होता. पाणी कधी प्यायचं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं. मुंबईत २०११ ला राइट टू पीची मोहीम सुरू झाली, बायकांकडून लघवीचे पैसे घेऊ नका म्हणून. आमच्या भागातल्या बायकाही तेव्हा सह्या गोळा करत फिरल्या. रस्त्यावरच्या मुताऱ्यांसाठीची ती मागणी आम्ही आमच्याच संडासाला लावली, बायकांना लघवीचे पैसे माफ. सुट्ट्या पैशांतून रोजचे पंचवीस-तीस गेले. दार रात्री उघडं ठेवायचं हे मात्र केअरटेकरच्या बायकोमुळं जमलं. ती म्हणाली, मी किल्ली ठेवते, बायकांनी खालून हाक मारायची. पुरुषांसाठी ती उठत नाही. यावर पुरुषांनी तक्रार केली, ती वहीत आहे. उत्तर लिहिलेलं नाही.

गेल्या काही वर्षांत वहीतली नावं कमी व्हायला लागली आहेत. लोक घरात संडास बांधतायत. सरकार स्वच्छ भारतमध्ये घरच्या संडासाला बारा हजार देत होतं, केंद्राचे चार आणि राज्याचे आठ. काहींनी स्वतःच्या पैशानं केला. दहा बाय बाराच्या खोलीत मोरीच्या जागी भांडं बसवायचं, वर पडदा, शेजारी गॅस, त्याच्यावर देव्हारा. पाइप बहुतेक नाल्यात. मी नावं ठेवत नाही. ज्यांच्या घरी वयात आलेली मुलगी आहे त्यांनी रात्री काय करायचं? मी स्वतः अजून बांधला नाही, त्याचं कारण जागा नाही एवढंच.

पण हिशोब बिघडतो. घरात बांधणारे म्हणजे वेळेवर पास भरणारे. ते गेले की मागं राहतात ते उशिरा भरणारे, अर्धे भरणारे आणि न भरणारे. खर्च तेवढाच. मग पास वाढवायचा, आणि वाढवला की आणखी दहा घरं कटतात. त्यातली पाच घरात बांधतात, बाकीची कुठं जातात ते विचारू नका. अगदी वरच्या गल्लीत एक बाई आहे, भंगार वेचते, तीन मुलं. ती पास काढत नाही, दिवसातून एकदा स्वतःचे तीन रुपये देते. मुलं टेकडीच्या मागं जातात. मी केअरटेकरला सांगितलंय की ती पोरं आली तर सोडायचं. ती येत नाहीत. आईनं त्यांना सांगून ठेवलंय की फुकट जायचं नाही.

दुरुस्तीचा विषय काढला की एक वाक्य ठरलेलं असतं, आता कशाला, बिल्डिंग होणार आहे. एसआरएचे, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाचे, सर्व्हे झाले, दारांवर नंबर पडले, ते नंबर पुसट झाले, पुन्हा पडले. तीनशे चौरस फुटांचं घर मिळणार, आत स्वतःचा संडास. ज्यांची कागदपत्रं २००० च्या आधीची आहेत ते निवांत आहेत, भाडोत्री गप्प बसतात. होईल तेव्हा होईल. वरच्या मजल्याच्या स्लॅबमधून आत्ता पाणी गळतंय आणि ते बायकांच्या सातव्या सीटवर पडतं. छत्री घेऊन बसावं लागतं, हा विनोद नाही.

येत्या रविवारी मिटिंग आहे. विषय दोन. पास शंभरचा एकशे वीस करायचा का, आणि सकाळी सात ते आठ शाळेच्या मुलींची वेगळी लाईन करायची का. दुसऱ्यावर भांडण जास्त होणार, कारण त्याच वेळी घरकामाला जाणाऱ्या बायकांची घाई असते आणि साडेसातची बस चुकली तर त्यांचा खाडा होतो. मी दोन्हींच्या बाजूनं आहे, पण मत एकच देता येतं. मुलींना दोन सीट राखून द्याव्यात आणि घरकामवाल्यांना साडेसहाच्या आत पुढं सोडावं असं सुचवणार आहे. पाण्याच्या बिलाची झेरॉक्स काढली आहे, ती मिटिंगच्या आधी दारावर लावीन, म्हणजे वीस रुपये कुठं जाणार हे मला तोंडानं सांगत बसावं लागणार नाही.